कडता

पंधरा वर्षं उपबाजारात काट्याशी उभा आहे मी.
तूर, चणा, सोयाबीन.
पोत्यात मूठ घातली की ओल सांगतो,
यंत्राच्या आधी.
माणूस कधी मोजला नव्हता.

पंचफुला आली एका रविवारी. लिलाव बंद,
शेडमध्ये दोन कुत्री अन् आम्ही.
"मोजा मले," म्हणाली
चप्पल काढून, देवळात शिरावं तशी.
अडुसष्ट किलो तीनशे.
सवयीनं तोंडावर आलं होतं, कडता किती धरू?
गिळलं.

हे खूळ प्रणोतीचं, माझ्या भाचीचं.
अमरावतीला शिकते, तिथून व्हिडिओ धाडला,
सपाट पोटाची एक बाई
बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी पिते, वरून लिंबू.
आमच्याकडे कॉफी म्हणजे पोरगी पाहायला आलेले पाहुणे,
दूध उकळून दाट केलेलं
अन् बशीत काढताना हात थरथरणारी पोरगी.
बब्बूच्या दुकानात शाम्पूशेजारी पुड्यांची माळ लोंबते,
दोन रुपयाला एक.
"वहिनी, आज कोन आलं?" तो रोज विचारायचा.
रोज कोण येणार?

पहिला घोट घेतला अन् म्हणाली,
"करपल्या भाकरीचं पानी हाय हे."
तरी प्याली. दुसऱ्या दिवशी दोनदा.
मग तीनदा.

आठ दिवसांनी सहासष्ट नऊशे.
अशी हसली की कुत्रं उठून बसलं.
मी मनातल्या मनात मूठ घातली.
ओल गेली होती, बस.
नव्या तुरीला चार उन्हं दाखवा, पोतं हलकं होतं,
दाणा होता तेवढाच राहतो.
बोललो नाही.
घट सांगायची असते,
पण ज्याचा माल, तो हसत असताना नाही.

सकाळची भाकर दुरडीत तशीच राहू लागली.
"भूकच नाही न लागत," कौतुकानं सांगायची,
अन् चार वाजता शेंगदाण्याच्या डब्याशी उभी दिसायची,
मुठीमागून मूठ.
रात्री कूस, मग दुसरी कूस.
एकदा दोन वाजता माझा हात ओढून छातीवर ठेवला.
"ऐका."
आत मळणीयंत्र चालू होतं,
पेंढी न टाकताच.

उपकेंद्रातल्या लोखंडे सिस्टरनं बोट टोचलं.
रक्त नऊ.
"गोळी कशासोबत घेता?"
पंचफुलानं माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीवरच्या तक्त्याकडे.
"कॉफीसंगं."
सिस्टर रागावली नाही, पेन ठेवलं फक्त.
"मग गोळी वायाच जाते हो, बाई.
प्या ना कॉफी, विष नाही ते. एक कप, खाऊन झाल्यावर,
गोळीपासून दोन तास लांब,
दुपारनंतर नाही.
पण वजन तिच्यावर सोडू नका.
ती भुकेला थापा मारते,
भूक संध्याकाळी वसुलीला येते."

आता सकाळी ज्वारीची भाकर, वर ठेचा,
मग एक पुडी. लिंबू सोडलं.
रात्री घोरते. मी जागा राहून ऐकतो,
बरं वाटतं.

परवा रविवारी पुन्हा शेडमध्ये आली.
चढली, उतरली, आकडा पाहिलाच नाही.
"तुम्ही चढा."
"मी कायले?"
"चढा म्हन्लं न."

एक्कावन्न.

सकाळी सहाला घर सोडतो. बाजारात नऊ कट चहा,
हमालांसोबत दोन, अडत्याकडे तीन, बाकीचे कुठेही.
जेवण तीनला. लिलाव लांबला तर तेही नाही.
भूक कशी असते ते विसरून किती सालं झाली,
याची पावती कुणी फाडली नाही.

ती आकड्याकडे पाहत राहिली,
लाल, लुकलुकणारा.
"तुमचा कडता कोनं कापला हो?"

मी उतरलो. काटा शून्यावर आला.
तिनं पिशवीतून डबा काढला,
झाकण घट्ट बसलं होतं,
दोघांनी मिळून ओढलं.