चौदा ग्रॅम

कडं तीनशे बारा ग्रॅम भरलं.
ऋजुता गडाख म्हणाली, दोनशे अठ्ठ्याण्णव हवं.
अंबडच्या गाळ्यात, मणियारशेठच्या वजनकाट्यासमोर
ती उभी होती सेफ्टी शूज घालून,
दोन नंबर मोठे, शेठच्या मुलाचे.

चौदा ग्रॅम म्हणजे किती हो?
मी विचारलं. चेष्टेने नाही, खरंच.
पिंपळगावच्या बाजारात चव बघायला
चिमटीत उचलतात तेवढे बेदाणे.
त्याचे कोणी पैसे मागत नाही.

वर मागतात, ती म्हणाली.

मग चलन उलटं करून तिने चित्र काढलं.
तिचा उपग्रह: जेवणाच्या डब्याएवढा,
खालच्या पुडात बॅटरी, वरच्यात डोळा.
मोठं रॉकेट म्हणजे काका, त्र्यंबकची शेअर जीप,
भरल्याशिवाय हलत नाही
आणि कुठे उतरायचं ते पुढे बसलेला ठरवतो.
दीड वर्ष आम्ही स्टँडवरच आहोत.
आता हे धाकटं आलंय, सडपातळ,
एकट्या डब्यासाठी निघणारं,
आपल्या वळणावर सोडणारं.
फक्त मागे बसणाऱ्याने पोट आत घ्यायचं.

दोघांच्या मध्ये माझं कडं.
वर जाईपर्यंत घट्ट धरायचं,
पाचशे किलोमीटरवर हुकूम आला
की दोन अर्धांत उघडून सोडून द्यायचं.
निरोप देताना पाठीवरचा हात एका बाजूनेच लागतो.
तसं नको,
नाहीतर डबा आयुष्यभर गरगरत राहील.

तेवीस वर्षं मी धरणारी कामं केली.
ओझरला अप्रेंटिस होतो तेव्हा बिजागऱ्या,
मग गाड्यांचे बुश, पंपांच्या फ्लँज.
घट्ट बसलं की पास.
सोडणारं काही कोणी सांगितलंच नव्हतं.

तीन रात्री लागल्या.
भार येत नाही तिथे खिसे कोरले,
भिंत दीड मिलिमीटर, मग सव्वा,
शेवटच्या फेरीला श्वास धरला
मायक्रोमीटर धरतो तसा, दोन बोटांत.
बुरा चिवड्यातल्या शेवेसारखा ट्रेमध्ये पडत होता.
दोनशे अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन.
ते पॉइंट दोन? मी म्हणालो.
ते माझ्याकडे लागले, मी एक केबल-टाय कमी करते.

शनिवारी अंबडला वीज नसते,
म्हणून शेठ आणि मी गंगापूर धरणावर गेलो.
फोन दगडाला टेकवून ठेवला.
ऋजुता तिकडे, समुद्राकाठी.
धूर, पांढरी रेघ,
पहिला टप्पा गळला, दुसरा पेटला,
आणि उंचीचा आकडा
एकशे नव्वदला घुटमळला,
मग उलटा मोजू लागला.
शेठनी फोन पालथा घातला.
पाण्यात एका पाणकावळ्याने बुडी मारली.
तो कुठे वर येतो
ते आम्ही दोघं उगाच बघत बसलो.

हुकूम आलाच नसणार.
म्हणजे कडं उघडलं नसणार,
पाण्यात शिरतानाही धरूनच असणार.
आपल्या कामात खोट नव्हती, शेठ म्हणाले.
मला वाटलं, निम्मंच काम झालं की.

बुरा आम्ही किलोवर भंगारात घालतो.
हा मात्र मी बाजूला काढला होता,
चहापत्तीच्या बरणीत, झाकण लावून.
कड्याचं सगळं कामाचं समुद्रात
आणि नको होतं तेवढं नाशकात.
बायकोने दोनदा विचारलं, हे टाकू का?

पुढच्याच्या पुढच्या शनिवारी फोन आला.
काका, दिवाळीनंतर दुसरं रॉकेट आहे.
डबा परत जोडतोय आम्ही. कडं कराल?
मग जरा थांबून,
या वेळी दोनशे नव्वदमध्ये बसेल?

मी बरणीकडे बघितलं.
म्हटलं, आधी वीज येऊ दे.