चौकट, चंद्र, दोन रेघा

हिरण्यकेशी आमच्या गोदामात तीन दिवस राहिली
आणि जाताना माझा हात पुसून गेली.
पिंपांवरच्या खुणा माझ्या हातच्या होत्या.
अक्षरं काढायचीच नाहीत, असं एडलजी मॅनेजरनं ठरवलेलं,
कारण कुठल्या लिपीत काढायची यावरून
युनियन दोन दिवस भट्ट्या थंड ठेवून बसली होती.
मग चौकट: लाकडी भट्टीतली रम.
चंद्र: तांब्याच्या हंड्यातली.
दोन रेघा: नव्या पोलादी खांबातली.
पत्र्याचे साचे मीच कापले.
गावाच्या पाट्याही मीच रंगवायचो,
अलीकडून कन्नड, पलीकडून मराठी;
रात्री कुणी डांबर फासलं की सकाळी बोलावणं मलाच.
पिंपांना डांबर फासायला कधी कोणी आलं नाही.

आता एकशे बारा पिंपं, गाळानं सगळी एका जातीची.
नमुने प्रयोगशाळेला गेले.
प्रयोगशाळेनं कळवलं: रम आहे.

म्हणून जीप पाठवून
निवृत्त सातगोंडा खोतांना आणलं.
सकाळी बस्तीत जाऊन मग कामावर येणारा माणूस,
एकतीस वर्षं रम हुंगली, जिभेला थेंब नाही.
उतरतानाच म्हणाले,
"दिवस मावळायच्या आत आटपू या. जेवायचं असतंय मला."

रंगाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.
"काळेपणा जळक्या साखरेचा, चित्रगार. तो वरनं घालतात.
वयावर पण जाऊ नको.
पिंप म्हणजे सासर. आपण माहेर शोधतोय."
चार थेंब तळहातावर, हात हातावर घासायचे,
तरतरी उडून जाऊ द्यायची,
आणि मागे जे उरतं त्याला विचारायचं, कुठली गं तू?

पिकून काळी पडलेली केळी, काहिलीच्या कडेचा खरपुडा:
चंद्र.
वाळलं चिपाड, जरा सुंठ, आणि लगेच काही नाही:
दोन रेघा.
आणि कधीतरी, ओला पाट, बडीशेप,
नुकती टोक केलेली शिसपेन्सिल.
तेव्हा ते डोळे मिटायचे.

ती लाकडी भट्टी खानापूरच्या ऐनाची.
एडलजी तरुणपणी बोटीवर होता, त्यानं कुठंतरी बघितलेली,
डेमेरारा नावाच्या नदीकाठी.
तिथंही ऊसच, म्हणायचा, तिथंही पूर,
आणि दुरून बोटीत घालून आणलेली माणसं.
इनास सुतारानं ती नदी न बघता भट्टी बांधली.
पुढं ती मोडली, लाकूड कँटीनच्या बाकांना गेलं.
पावसाळ्यात त्या बाकांवर बसलं
की अजून विजारीला वास लागतो.

साडेचारला सदुसष्टावं पिंप.
खोतांनी हात हुंगले. परत घासले, परत हुंगले.
मग एकटेच हसले.
"ह्याच्यावर तू चंद्र काढलेलास."
नोंदवही बघितली. चंद्रच.
"आत चौकट हाय. तुझ्या लग्नाच्या आठवड्यातलं पिंप हे.
साचा उचलताना ध्यान कुठं होतं तुझं?"
मी विचारलं, तेव्हा बोलला का नाहीत?
"बोललो असतो तर तुझी पगारवाढ गेली असती.
आणि रमला काय, ती आत आपली आपण होती की."

उरलेली पंचेचाळीस भराभर झाली.
नळावर राखेनं कोपरापर्यंत हात धुतले,
जीपच्या काचेतून सूर्याकडे बघत गेले.

मी सदुसष्टासमोर दोन्ही साचे घेऊन उभा.
वहीत एक, पिंपात दुसरं.
मग पांढऱ्या रंगात बोळा बुडवला
आणि चौकट काढली, अगदी ठसठशीत.

पुढच्या महिन्यात अबकारीचा साहेब आला, वही उघडली.
हे चंद्राचं पिंप चौकट कसं झालं?
मी म्हणालो, पूर होता साहेब.