तिसरं बक्षीस

यंदाची सोडत पत्र्यासाठी होती.
म्हणजे छावणीतल्या आमच्या देवळाच्या पत्र्यासाठी,
जिथून पावसाळ्यात थेट वेदीपाशी गळतं
आणि पाळकसाहेब उपदेश करता करता
न बघता पायानं बादली सरकवतात.

तिकीट दहा रुपये. मी एकशे चाळीस विकली,
पोह्यांच्या स्टॉलपाशी उभी राहून,
कारण जिरावणाची बोटं चाटताना
माणूस नाही म्हणत नाही.
पहिलं बक्षीस मिक्सर, दुसरं शेगडी,
तिसरं तोच डिनर सेट.

तो सेट मी दोन वेण्या घालायची तेव्हापासून ओळखते.
खोक्यावर गुलाबाचं चित्र, एक पाकळी उंदरानं खाल्लेली.
साळवेकाकांना लागला, त्यांनी परत दिला.
डॅनियल त्रिभुवननं देवाच्या कामाला म्हणून परत दिला.
बोरुडे सिस्टरना तर दोनदा लागला.
ज्याला लागे तो हसे, खोकं कानाशी हलवून बघे,
आणि पुढच्या हंगामाच्या सणाला
नव्या चमकी कागदात, नव्या रिबिनीत
ते टेबलावर येऊन बसे,
लग्नाला उशीर झालेल्या मुलीसारखं.

असं म्हणायला नको होतं मी.
मुळात तो मार्था आत्याचा.
सत्त्याऐंशी साली, पत्रिका छापून झाल्यावर
जबलपूरहून तार आली.
बाकीचे आहेर ज्याचे त्याला परत गेले.
या खोक्यावर देणाऱ्याचं नाव नव्हतं.
आत्या दरवर्षी दहा तिकिटं घेते,
सगळी पाळकसाहेबांच्या नावानं,
आणि डबा हलायला लागला की
चपला शोधते.

जनरेटर भाड्याचा होता.
तो चालवणाऱ्या नौशादनं चहाचे वीस दिले,
माझ्याकडे सुट्टे नव्हते,
मी दहाच्या बदल्यात तिकीट फाडून दिलं.
"इसका क्या करूँ, दीदी?"
"ठेव खिशात."

रूबेनच्या धाकट्यानं डोळ्यांना रुमाल बांधून
बिस्किटांच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला.
चारशे सतरा.
चारशे सतरा.
तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा
जनरेटरमागून एक काळाकुट्ट हात वर आला.

मंडळी वाट बघू लागली, प्रेमानं, सवयीनं,
की आता हा हसेल, हलवेल, परत देईल.
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
त्यानं पँटला हात पुसले
आणि दातानं सुतळी तोडली.

कुणीतरी "अरे" म्हणालं, तेवढंच.

आधी गवत निघालं. मग पिवळं वर्तमानपत्र,
त्यातला सोन्याचा भाव वाचून बायका हळहळल्या.
मग प्लेटा. पांढऱ्या, काठाला निळी बारीक रेघ.
गुलाब कुठेच नव्हता.
इतकी वर्षं आम्ही त्याला गुलाबाचा सेट म्हणत होतो.
एक फुटलेली. ती कुणी फोडली ते आता कोण सांगणार?
साळवेकाका गळक्या पत्र्याकडे बघू लागले.

तिकडे जेवणाच्या द्रोणपत्रावळी संपल्या होत्या,
पुलाव अर्धा पातेल्यात, लोक रांगेत.
नौशादनं रांगेकडे बघितलं, प्लेटांकडे बघितलं.
"इसमें खा लो सब. धो के दे देना बस."

आत्या फाटकापाशी पोचली होती,
एक चप्पल पायात, एक हातात.
ती परत आली. चप्पल खाली ठेवली.
प्लेट घेतली, उलटी केली,
मागचा छाप चष्मा वर करून वाचला.
"मला वाटायचं, मोठा असेल सेट,"
असं म्हणाली, आणि पुलाव वाढून घेतला,
आणि वर रायतं,
आणि कुणाला जागा न मागता
ओट्यावर बसून सगळं संपवलं.

धुवायलाही तीच बसली. अकराच्या अकरा.

पत्र्याला एकोणीस हजार जमले. लागतात बावन्न.
पुढच्या वर्षी तिसऱ्या बक्षिसाला काय ठेवायचं
यावर समितीच्या दोन बैठका झाल्या,
दोन्हींत नुसता चहा झाला.