तासांची वही

दुभाष्यांच्या तासांची नोंद ठेवते मी, उमेओच्या इस्पितळात.
कोण आलं, कुठली खोली, कुठली भाषा, किती मिनिटं.
शब्दांची नोंद ठेवायची नसते.
तरी एक शब्द वहीच्या मागच्या पानावर साठत गेलाय,
कोटाच्या खिशात वाळू साठावी तसा.

सुरुवात एव्दोकियाने केली,
हृदयविभागातून येऊन ओले बूट उपसता उपसता:
'आमचा ईसोस म्हणजे मुळात सारखं. समसमान.
तराजूचा काटा मध्येच अडलाय,
आणि तुमचे डॉक्टर मला म्हणतात, पेशंटला स्पष्ट सांगा!'
मी हसले. हसायला नको होतं.

दारी बोलणारा फरीदून फारसा बोलतच नाही.
साखरेचा तिसरा खडा विरघळेस्तोवर थांबला,
मग म्हणाला, 'शायद' च्या पोटात शोभणं आहे.
जे शोभेल, ते घडेल.
आणि खिडकीकडे वळला.
त्याच्या गावात इतक्या वर्षांत शोभेसं काय घडलं
ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

माझा बाप नदीतून ओंडके सोडायचा, टोर्नेच्या काठचा.
त्याचा शब्द एह्का.
तो कुठून आला मला ठाऊक नाही,
पण कुठे जायचा ते ठाऊक आहे: बहुतेक वेळा 'नाही'कडे.

आणि इथला, रोजच्या वापराचा, कान्शे.
कान, म्हणजे शकतं. शे, म्हणजे घडणं.
दूरच्या एका भाषेत, म्हणे,
कान म्हणजे ज्याने ऐकतात तो.
हे कुणी सांगितलं आठवत नाही,
पण जानेवारीतल्या त्या दुपारी तेच डोक्यात होतं.

दोनलाच अंधारून आलं होतं. खोली बारा. स्वाहिली. पन्नास मिनिटं.
पेम्बा बेटावरची म्वानाकोम्बो, मांडीवर मकामे,
दोन वर्षांचा, हाकेला एकदाही मान न वळवलेला.
कानामागे बसवायचं यंत्र टेबलावर, बटणाएवढं.
तिने एवढंच विचारलं: ऐकेल?

डॉक्टर उत्तरेकडच्या. इकडे 'हो' म्हणतात
श्वास आत ओढून, उलट्या फुंकरीसारखा.
आधी तो आवाज झाला.
मग त्या सावरल्या, आणि म्हणाल्या, कान्शे.

आता त्या श्वासाचं काय करायचं?
सल्हा क्षणभर अडखळली.
मग म्हणाली, लाब्दा.

नंतर माझ्यापाशी येऊन बसली, हातमोजे न काढता.
'लाब्दा आमचा नव्हे. अरबांच्या गलबतांतून उतरलाय.
तिकडे ला बुद्द. म्हणजे सुटका नाही,
दुसरी वाट नाही, व्हायलाच हवं.
आमच्या किनाऱ्यावर पाय टेकला तेव्हा
त्याचा झाला होता: होईलही.'
एवढी खात्री कुठे सांडली? मी विचारलं.
'वाऱ्याच्या भरवशावर शीड सोडून बघ,' ती म्हणाली, 'मग कळेल.'
थोड्या वेळाने:
'मी बरोबरच सांगितलं, हेल्मी. शब्दाला शब्द.
पण तिच्याकडे बघताना
तोंडातून जुनाच अर्थ निघाला असेल तर?
तिने मान डोलावली ना, ती त्या अर्थाला डोलावल्यासारखी.
चूक झाली असेल तर कळवावं लागतं.
कुठल्या रकान्यात लिहिशील?'

तसा रकाना नाही. मी पन्नास मिनिटं लिहिली.

एप्रिलमध्ये, नदीचा बर्फ तडकला त्या आठवड्यात,
यंत्र सुरू करायचं ठरलं. पुन्हा खोली बारा.
दाराबाहेर मी उगाचच फायली लावत बसले.
आतून काही पडल्याचा आवाज, बहुधा चमचा.
मग शांतता. मग पोराचं भोकाड,
आणि त्यावर त्याच्या आईचं काहीतरी, मला न कळणाऱ्या भाषेत,
एकच शब्द, पुन्हा पुन्हा.
त्याचं नाव असावं.

सल्हा बाहेर आली.
मी भुवया उंचावल्या.
तिने तोंड उघडलं, स्वाहिली नाही, अरबी नाही,
स्वीडिशही म्हणता येणार नाही असं काही:
श्वास आत ओढला, झटकन,
इकडच्या लोकांसारखा.

मी वहीत लिहिलं: वीस मिनिटं.