मानस

रायबंदरहून फेरीत चढलो तेव्हा
खिशात अकरा प्रश्न होते, टाईप केलेले.
पहिला : एवढं सोसून तुम्ही उभे कसे राहता?

चोडणच्या बांधावर कायतान फेर्रांव उकिडवा बसलेला.
वय विचारलं तर म्हणाला, बांध फुटला त्याच्या आधीचा.
जाळ्यात चुकून आलेल्या चपलेकडे बघावं
तसं त्यानं माझ्या रेकॉर्डरकडे बघितलं.
"बोलूया. पण सुकती लागेपर्यंत थांब."

थांबलो.
टेपवर ती अकरा मिनिटं तशीच आहेत :
लाकडी फळीला पाण्याचे धक्के,
कुठेतरी खंड्या,
आणि माझं दोनदा घसा खाकरणं.

मग दार उघडलं, कुणी हात न लावता.
आतलं पाणी नदीकडे निघालं.
मला मराठीतला मानस ठाऊक.
तो म्हणाला, ही आमची मानस.
"खारं पाणी दाबायला लागलं की मिटते,
ओसरलं की उघडते.
रागानं मिटूनच बसली तर आतलं भात कुजेल,
भिडेनं उघडी राहिली तर जळेल."
मी म्हटलं, वा, म्हणजे आपलं मनसुद्धा...
"मन नव्हे रे. लाकूड.
माट्टीचं. कुजलं की बदलावं लागतं."

शेवंता चोडणकर वांग्यांना पाणी घालता घालता बोलली.
बांध फुटला ती वैशाखातली पुनव.
आवाज असा आला नाही, म्हणाली,
फक्त कुत्री भुंकायची थांबली.
सकाळपर्यंत चिखल, पेंढा, चिरे,
आणि तिच्या मुलीच्या मांडवाचे बांबू, सगळेच्या सगळे,
त्या भोकात गेले.
"मग लग्न?"
"लागलं की. उन्हात.
भटजी तेवढा छत्रीखाली."

मी लिहून घेतलं : गाव एक झालं.
तिनं वहीत डोकावून विचारलं,
"आले नाहीत त्यांचीही नावं सांगू?"
सांगितली. सात. बापासकट.
मग म्हणाली, ती काप हां मशीनमधनं.
त्यांच्याही शेतात कोरगूट पिकलं त्या साली.
खारं पाणी काय नावं विचारून आत शिरतं?

संस्कृतीचा प्रश्न सहावा होता.
ती मांडाकडे बघत राहिली थोडा वेळ.
धालोच्या ओळीत तिच्या डावीकडे
जी बाई उभी राहायची, तिच्याशी चार वर्षं अबोला.
सामायिक माडावरून.
"पण ओळीत हात कमरेमागून घालावाच लागतो.
एका पुसात हाताला लागलं,
हिची हाडं वर आलीत.
नवऱ्यालासुद्धा माहीत नव्हतं तोवर.
दुसऱ्या दिवशी मीच नेली तिला बांबोळीला."
"मग अबोला सुटला?"
"छे! बसमध्येही बोललो नाही."

परत बांधावरून येताना कायतान जाळं झाडत होता.
म्हणाला, सगळ्यांना विचारत फिरतोस,
आता तू सांग. तुमचा बांध कोण राखतो?
मी म्हटलं, पर्वरीला राहतो. चौथा मजला. बांध नाही.
"मग भरती कुठे जाते?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं,
आणि फेरीचा भोंगा झाला.
त्यानं मूठभर सुंगटं दिली बांधून,
कागद म्हणून माझेच प्रश्न घेऊन.
घरी सोडलं तेव्हा
सात ते अकरा शाईसकट ओले,
पहिल्यावर एक मिशी चिकटलेली.

रात्री आठवत बसलो :
आमच्या इमारतीत रोज सकाळी सहाला
पाण्याचा व्हॉल्व्ह सोडतो तो माणूस.
नऊ वर्षं.
त्याची सायकल ओळखतो मी, खोकला ओळखतो.

सहाला खाली गेलो.
तो नव्हता. दुसराच कुणीतरी, घाईत,
गुडघ्यावर बसून चाक फिरवत होता.
नाव विचारलं.
मान वर न करता तो म्हणाला,
"का? तक्रार करायची आहे?"