हातचा

सरोवर गोठलं की वडील आखीव वही काढायचे.
जाळी आढ्याला, होडी पालथी,
पेइपुसच्या काठावर मार्चपर्यंत दुसरं काम नसतं.

पहिल्या पानावर एकच संख्या, एकोणचाळीस आकडी,
सतरानं सुरू होणारी, सत्तावीसवर संपणारी.
एकशे सत्तावीस दोन एकमेकांना गुणायचे
आणि एक काढून घ्यायचा.
ती मूळ आहे, हे जगाला केव्हाच ठाऊक झालं होतं.
“मग कशाला?” आई विचारायची.
“मला कुठे ठाऊक आहे अजून?”

रीत साधी. चार घ्या.
वर्ग करा, दोन वजा करा : चौदा.
पुन्हा वर्ग, पुन्हा दोन वजा : एकशे चौऱ्याण्णव.
मग सदतीस हजार सहाशे चौतीस.
फुगून त्या मोठीच्या वर गेलं
की तिनं भागायचं, बाकी तेवढी ठेवायची.
असं एकशे पंचवीस वेळा.
शेवटी बाकी शून्य आली तर ती मूळ.
मला हे उलटंच वाटायचं :
जिला कुणी निःशेष भागू शकत नाही
तिची साक्ष शून्यानं द्यावी!

दोन हिवाळे गेले.
बर्फ तडकू लागला त्या आठवड्यात शेवटची बाकी आली,
अडतीस आकडी.
वडील काही बोलले नाहीत.
होडीला डांबर फासायला गेले, अजून थंडी असताना.

आईला वर्ग-बिर्ग येत नव्हता.
तिला लेनिनग्राडच्या बाजारात कांदे विकता येत होते
आणि नऊ टाकून हिशोब पडताळता येत होता.
तिनं वही ओढली. आकड्यात आकडा मिळवत,
नऊ झाले की टाकत, ओळीमागून ओळ.
“ही तुमची मोठी बरी आहे,” म्हणाली,
“सगळे नऊ टाकले की एकच उरतो.”
अठ्ठ्याऐंशीव्या पायरीवर बोट थांबलं.
“लाव्रेन्ती, हातचा राहिला.”

पानावर तारीख होती.
मला गोवर निघाला होता, त्या रात्रीची.

पुन्हा अडतीस पायऱ्या, तिसरा हिवाळा.
शेवटचा भागाकार वडिलांनी उभ्यानं केला.
शून्य.
आईनं तेवढं पडताळलं नाही.

मग ते चुलीपाशी बसून सांगत राहिले, कांदा सोलल्यासारखं,
पण आतून बाहेर :
दोन वेळा दोन, वजा एक : तीन.
तीन वेळा दोन, वजा एक : सात.
सातातून एकशे सत्तावीस. त्यातून ही. सगळ्या मूळ.
“आणि हिच्यातून पुढची?”
“ती मूळ आहे की नाही, कुणालाच ठाऊक नाही.
लिहायची म्हटली तर
हे सरोवर कागदाचं असतं तरी पुरलं नसतं.”
आई म्हणाली, “मग आधी वेण्या घाला,
ओसरीत कांदे तसेच पडलेत.”

वही आता माझ्याकडे आहे.
शून्याचं पान मी फारसं उघडत नाही.
अठ्ठ्याऐंशीव्या पायरीच्या समासात
आईचा पेन्सिलीचा एक आहे,
बारीक, जरा तिरका.