कारबन

धुळ्याहून निघताना हॉर्न घोगरा झाला,
मुकटीपाशी दिवे हळदीच्या पाण्यासारखे.
पारोळ्यात ब्याण्णवची मारुती ढकलतच आणली
हमीद पिंजारीच्या टपरीपुढं.

वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या मी.
शिव्याही त्यांनाच.

त्यानं पट्टा सैल केला, डायनामो उतरवला,
कानाशी फिरवून बेरिंग ऐकलं,
मांडीवर घेऊन उघडला.
मग तळहातावर दोन तुकडे,
एक हरभऱ्याएवढा,
दुसरा जेमतेम तीळ.
"कारबन घसाई गयात, भाऊ.
बॅटरी काय करी बिचारी?"

दीडशे रुपये. लाल दिवा विझला.

जुने तुकडे का कोण जाणे
मी खिशात टाकले.
पांढऱ्या सदऱ्यावरचा तो काळा ठिपका
तिसऱ्या धुण्यालाही
निघालेला नाही.